आतल्या पोरीला जवळ घेऊया



कर्ज, शेळ्या, परसबाग हे आपण बैठकीत नेहमी बोलतो. आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे, पण आरोग्य म्हटलं की आपण रक्त, वजन आणि गोळ्या एवढंच धरतो. मन कुठे दुखतंय ते कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी मनाबद्दल लिहिते आहे.

आधी एक प्रसंग सांगते. ज्या ताईचा आहे तिला विचारूनच लिहिते, नाव मात्र लिहीत नाही. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर बैठक संपली. हिशोब लिहून झाला, पेटीला कुलूप लागलं. एका ताईने मला चहाला घरी नेलं. आम्ही आत शिरलो तेवढ्यात तिच्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातून तांदळाचा डबा सांडला. ताईचा हात उठला आणि पोरीच्या पाठीत दोन धपाटे बसले. पोर बाहेर पळाली. ताई चुलीपुढे बसली आणि स्वतःच रडायला लागली.

"मॅडम, तिला मारायचं नव्हतं. हात कसा उठला कळलंच नाही."

थोड्या वेळाने तांदूळ वेचता वेचता ती बोलली. "मी एवढीच होते. भट्टीवर. आठवड्याची खर्ची मिळाली, तिचे तांदूळ आणले आणि माझ्या हातून चिखलात सांडले. आईने मला खूप मारलं. मारता मारता आई पण रडत होती."

ताईंनो, मला वाटतं त्या दिवशी त्या घरात दोन पोरी घाबरल्या होत्या. एक बाहेर पळाली ती. दुसरी ताईच्या आत होती, जिला वीस-बावीस वर्षांपासून वाटतंय की तांदूळ सांडले म्हणजे आता मार बसणार आणि आठवडाभर उपाशी राहावं लागणार. हा लेख त्या दुसऱ्या पोरीबद्दल आहे.

ही आतली पोर म्हणजे कोण?

आपण मोठे झालो, लग्न झालं, लेकरं झाली, गटाच्या अध्यक्ष झालो. तरी लहानपणी जे सोसलं ते मनातून निघून जात नाही. झाड कापलं की खोडात आतली बारीक वर्तुळं दिसतात, बाहेर मोठी. लहान झाड मोठ्या झाडाच्या आतच असतं. आपलंही तसंच आहे. मानसशास्त्र शिकलेली माणसं याला 'अंतर्बालक' म्हणतात. आपण आतली पोर म्हणू.

शरीरात अशी पोर कुठे बसलेली नाही बरं का, सोनोग्राफीत ती दिसायची नाही. समजून घेण्यासाठी केलेली ही एक बोलायची रीत आहे. एरिक बर्न नावाच्या डॉक्टरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी सांगितलं की प्रत्येक माणसाच्या आत तीन जण असतात: एक पालक, एक प्रौढ आणि एक बालक. पालक रागावतो, शिकवतो. प्रौढ विचार करून वागतो. बालक खेळतं, रुसतं, घाबरतं. १९९०च्या सुमाराला जॉन ब्रॅडशॉ नावाच्या अमेरिकन लेखकाने या दुखावलेल्या बालकाला जवळ घेण्याबद्दल पुस्तक लिहिलं आणि ही कल्पना जगभर पसरली.

आतली पोर जागी झाली हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गोष्ट छोटी असते आणि आपला राग, भीती किंवा रडू मात्र खूप मोठं येतं. बँकेत साहेबांनी नुसतं "सही करा" म्हटलं तरी हात थरथरतो. नवरा अर्धा तास उशिरा आला तर छाती धडधडते. बैठकीत कोणी आपली चूक दाखवली की आठ दिवस झोप लागत नाही. अशा वेळी स्वतःला विचारायचं: "आत्ता माझं वय किती झालंय?" पुष्कळदा उत्तर येतं, सात. किंवा नऊ.

आपल्याकडे पोरी लवकर मोठ्या झाल्या

शहरातल्या बायकांनाही लहानपणाच्या जखमा असतात. पण जव्हार-मोखाड्याच्या जखमांचं कारण आपल्याला चांगलं माहीत आहे.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की घरं रिकामी व्हायची. भिवंडी, वसई, कल्याण, जिकडे भट्टी असेल तिकडे सगळं कुटुंब जगायला जायचं. अजूनही जातं. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. आई-बाप पहाटेपासून चिखल तुडवणार, विटा थापणार. मग धाकट्याला कोण सांभाळणार? सात वर्षांची पोर. भात कोण रांधणार? तीच. उन्हाळ्यात पाण्याला कोण जाणार? तीच. तिला खेळायला मिळालं नाही, आणि कोणी "दमलीस का गं?" म्हणून विचारलंही नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना माझाही हात जड होतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. सरकार हललं, मोठमोठी माणसं येऊन गेली. त्या काळात लहान असलेल्या पोरी आज पस्तीस-चाळीस वर्षांच्या आहेत आणि आपल्याच गटांत बसतात. बातमीत मेलेल्या लेकरांचा आकडा होता. ज्या बहिणींच्या कडेवर ती लेकरं होती, त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही. एका ताईने मला सांगितलं, "भाऊ माझ्याजवळ होता. मी नीट सांभाळलं नाही म्हणून गेला." तेव्हा ती आठ वर्षांची होती. इतकी वर्षं ती हा आरोप स्वतःवर घेऊन फिरते आहे. भूक होती, आजार होता, दवाखाना लांब होता, रस्ता नव्हता. या सगळ्याचा दोष एका आठ वर्षांच्या पोरीने आपल्या डोक्यावर घेतला, कारण लहान पोरांना असंच वाटतं. घरात काही वाईट झालं की आपल्यामुळेच झालं, असं.

१९९५ ते १९९७ या काळात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १७ हजारांहून जास्त मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं गेलं. मारझोड, दारू, घरातलं भांडण, आई किंवा बाप दूर जाणं, असे अनुभव ज्यांच्या वाट्याला जास्त आले होते, त्यांच्यात मोठेपणी उदासी, व्यसन आणि हृदयाचे आजारही जास्त दिसले. म्हणजे लहानपणचं दुःख शरीरातही साठून राहतं. पण ज्यांनी खूप सोसलं ते सगळेच आजारी पडले असं नाही. जवळ घेणारं एखादं माणूस मिळालं की फरक पडतो. ते माणूस तेव्हा मिळालं नसेल, तर आज आपणच आपल्यासाठी ते होऊ शकतो. हेच करायचं आहे.

मूल जिथे आहे तिथे जायचं

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट मला या बाबतीत फार उपयोगी पडली. डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. कोणी धाकट्याला सांभाळत होतं, कोणी गुरं राखत होतं. "मुलं येत नाहीत" म्हणून या दोघी बसून राहिल्या नाहीत. त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्याच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणावर भरली ती कुरणशाळा. मुलांची आधी आंघोळ, केस विंचरणं, खाऊ, गाणी, अक्षरं नंतर.

अनुताईंचं स्वतःचं लहानपण कसं होतं? १९१० साली जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. ज्या वयात सागरगोटे खेळायचे त्या वयात कपाळ पुसलं गेलं. त्याच बाईने पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांना हसवलं, खेळवलं. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अनुताई ध्यान करायच्या असं मी म्हणत नाही. मला त्यांची रीत घ्यायची आहे. मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं. गेल्या गेल्या शिकवायचं नाही. आधी माया, मग खाऊ, मग खेळ, आणि बोलणं सगळ्यात शेवटी. आतल्या पोरीकडे जायचं तेही याच क्रमाने.

ध्यान म्हणजे काय?

ध्यान म्हटलं की आपल्याला साधू आठवतो, नाहीतर टीव्हीवरची गोरीपान बाई. "आम्हाला कुठे वेळ मॅडम, पाण्याला जायचंय" असं तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे.

खोडाळ्याच्या पलीकडे इगतपुरी. तिथे सत्यनारायण गोयंका यांनी १९७६ साली धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र सुरू केलं. तिथे दहा दिवस मौन पाळून बसतात. सुरुवातीला फक्त आपला येणारा-जाणारा श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात. शेवटी सगळ्यांचं भलं होवो अशी मंगल मैत्री करतात. आपण दहा दिवस नाही, दहा मिनिटं बसणार आहोत, आणि आपली पद्धतही वेगळी आहे. पण दोन गोष्टी तशाच आहेत: श्वास बघायचा आणि मनात मैत्री आणायची. ही मैत्री आपण स्वतःपासून सुरू करायची.

श्वासच का? कारण घाबरलो की छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो. ती धडधड आपण हुकूम देऊन थांबवू शकत नाही, पण श्वास लांब करू शकतो. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके हळू होतात आणि शरीराला कळतं की आत्ता धोका नाही. यात देव-धर्माचा प्रश्न नाही. हिरव्या देवाला मानणारी, येशूला मानणारी, कोणीही बसावं.

माझी चूक आधी सांगते

मी नवीन होते तेव्हा एका प्रशिक्षणात हे ऐकलं आणि उत्साहाने दुसऱ्याच आठवड्यात गटात करायला गेले. सगळ्यांना म्हटलं, "डोळे मिटा आणि लहानपणचं सगळ्यात मोठं दुःख आठवा." दोन मिनिटांत एका ताईचा श्वास लागला. तिचे हात गार पडले. मला काय करावं ते सुचेना. गटाच्या अध्यक्ष ताईंनीच तिचा हात धरला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "डोळे उघड. मी आहे इथं. हे बघ, आपलं समाजमंदिर आहे." ती ताई हळूहळू शांत झाली. तिला काय आठवलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नंतर एका समुपदेशक बाईंनी मला समजावलं. मोठी जखम एकदम उघडायची नाही. डोळे मिटायची सक्ती नाही. परत यायचा रस्ता आधी दाखवायचा, मग आत जायचं. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. पहिला आठवडा फक्त पहिल्या तीन.

कसं बसायचं

१. जागा. भिंतीला पाठ टेकून बसा, पाय जमिनीला लागू द्या. घर एकाच खोलीचं असेल तर चुलीवर भात शिजेपर्यंत बसा, किंवा विहिरीवर नंबर येईपर्यंत. डोळे मिटावेसे वाटले नाहीत तर चुलीतला जाळ किंवा समोरचं झाड बघत बसा.

२. दहा श्वास. नाकाने श्वास घ्या, मनात तीनपर्यंत मोजा. सोडताना पाचपर्यंत मोजा. असे दहा. मोजणं चुकलं तर पुन्हा एकपासून. मन भटकणारच. वासरू खुंट्यापासून लांब गेलं तर आपण त्याला मारत नाही, दोरी धरून परत आणतो. मनालाही तसंच परत आणा.

३. सुखाची जागा. लहानपणी जिथे बरं वाटायचं अशी एक जागा आठवा. आजीची ओसरी असेल, मोहाखालची सावली असेल, पावसात भरलेला ओहोळ असेल. तिथला वास, आवाज, पायाखालची माती आठवा. ही आपली परत यायची जागा. पुढे कधीही जड वाटलं तर इथेच यायचं. अशी एकही जागा आठवली नाही तर मनाने नवीन बनवा, चालतं.

४. पोरीला बघा. आता त्या जागेवर एक छोटी पोर येते. ती तुम्हीच आहात. तिच्या अंगात काय आहे? केस विंचरलेत का? कडेवर कोणी आहे का? नुसतं बघा. ती जवळ आली नाही तर बोलावू नका, तिच्यापासून थोड्या अंतरावर जाऊन बसा. सुरुवातीला छोटंसं दुःख घ्या: खेळायला मिळालं नाही, पाटी फुटली, जत्रेला नेलं नाही. मोठं दुःख राहू द्या.

५. आधी माया. मनातल्या मनात तिच्या कडेवरचं ओझं उतरवून घ्या. तिचं तोंड धुवा. केसांना तेल लावा. गरम पेज द्या. यात घाई करू नका. पुष्कळ ताई इथेच रडतात. रडू आलं तर येऊ द्या.

६. मग विचारा. "तुला काय हवं होतं गं?" उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तरी चालेल. लहान पोर अनोळखी माणसाशी पहिल्या दिवशी बोलत नाही.

७. तिला सांगा. जे तेव्हा कोणी सांगितलं नाही ते आज तुम्ही सांगा. "तुझी चूक नव्हती." "तू लहान होतीस." "तू खूप काम केलंस, आता मी आहे." भाऊ गेला म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या ताईला मी इतकंच म्हटलं होतं: "आज तुमच्या घरातली आठ वर्षांची पोर बघा. तिच्यावर तुम्ही असा आरोप कराल का?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिला तर साधा हंडा उचलत नाही."

८. परत या. पोरीला सुखाच्या जागेवर बसवा, "उद्या येते" म्हणा. डोळे उघडा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. तीन आवाज ऐका. पाणी प्या. तळवे एकमेकांवर घासून तोंडावर फिरवा. ही पायरी कधीही सोडू नका.

मग त्या दिवशी तिच्यासाठी एक छोटं काम करा. आंब्याला झोका असेल तर दोन झोके घ्या. केसात फूल माळा. लेकरांबरोबर पाच मिनिटं सागरगोटे खेळा. कोणी हसलं तर हसू द्या.

काय बदलतं आणि काय बदलत नाही

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी सहा वर्षांची असताना दिवाळीनंतर आई-बाबांना भट्टीवर जायचं होतं, म्हणून मला आश्रमशाळेत ठेवलं. बाबांनी माझी पत्र्याची पेटी खोलीत ठेवली आणि "पाणी पिऊन येतो" म्हणाले. ते आले नाहीत. त्यांची गाडी सुटत होती. मी अंधार होईपर्यंत पेटीवर बसून होते.

आज माझ्याकडे पदवी आहे, गाडी आहे, मी चाळीस गट बघते. पण घरच्यांनी फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा. मी वीस-वीस वेळा फोन लावायची आणि उचलल्यावर भांडायची. आपल्याकडे रेंज नसते हे मला माहीत असूनही. ध्यानाला बसायला लागले तेव्हा मी त्या पोरीच्या शेजारी पेटीवर जाऊन बसले. पहिले पंधरा दिवस ती माझ्याकडे बघायचीच नाही. मग एक दिवस मी तिला सांगितलं, "बाबा तुला टाकून गेले नाहीत गं. जगायला गेलेत. पावसाच्या आधी येतील." हे वाक्य मला तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं.

आता गोळा येत नाही असं नाही. येतो. पण आला की मी ओळखते, "ही पेटीवरची पोर आहे." दहा श्वास घेते आणि मग फोन करते. भांडण बरंच कमी झालंय.

तांदळाच्या डब्याची ताई अजून रागावते. पण तिने एक युक्ती काढली आहे. हात उठला की तो ती स्वतःच्या छातीवर ठेवते. परवा तिच्या मुलीने तेल सांडलं तेव्हा ताई म्हणाली, "थांब, फडका आण." मुलगी तिच्याकडे बघतच राहिली म्हणे.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आईच्या आतली पोर शांत झाली की घरातली पोर वाचते. नाहीतर आपण जो मार खाल्ला तोच पुढे देत राहतो.

पण ध्यानाने भट्टीची उचल फिटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये विहिरीला पाणी येत नाही. त्यासाठी ग्रामसभेतच बोलावं लागतं. आतली पोर जरा धीट झाली तर ग्रामसभेत आपला आवाज फुटतो, एवढं मी बघितलं आहे. आणि आई-बापाला दोष देण्यासाठीही हे करायचं नाही. आपल्या आईच्या आतही एक पोर होती, तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

कधी थांबायचं, कोणाकडे जायचं

बसल्यावर श्वास कोंडला, अंग थरथरलं, जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटलं तर लगेच डोळे उघडा आणि आठवी पायरी करा. पुन्हा एकटीने बसू नका. लहानपणी कोणी अंगाला नको तसा हात लावला असेल, तर ती जखम एकटीने उघडायची नाही. त्यासाठी शिकलेलं माणूस सोबत हवं.

दोन आठवडे सतत उदास वाटणं, झोप-जेवण जाणं, लोकांना ऐकू येत नाहीत असे आवाज ऐकू येणं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर ते ध्यानाने बरं होईल म्हणून थांबू नका. जव्हारच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना सांगा. आशाताईला बरोबर न्या. टेली मानसचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रेंजसाठी टेकाडावर जावं लागलं तर मैत्रिणीला घेऊन जा. भगताकडे जायचं असेल तर जा, तुमची श्रद्धा आहे. पण त्यासाठी दवाखाना आणि गोळ्या थांबवू नका.

घरात आजही मारहाण होत असेल तर आधी जीव सांभाळायचा. मारणाऱ्यासमोर शांत बसून श्वास मोजायचा नसतो. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, मुलांसाठी १०९८. आणि आपला गट आहेच.

गटात करायचं असेल तर

महिन्यातून एका बैठकीत, हिशोब पूर्ण झाल्यावर, दहा मिनिटं पुरतात. गटात फक्त पहिल्या तीन पायऱ्या आणि शेवटची आठवी करा. मधल्या पायऱ्या ज्या ताईला करायच्या असतील तिने घरी कराव्या. चार नियम पाळा:

- कोणालाही बसायची किंवा सांगायची सक्ती नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं.
- कोणी काही सांगितलं तर ते इतिवृत्तात लिहायचं नाही आणि पाणवठ्यावर बोलायचं नाही.
- सल्ला द्यायचा नाही. "माझं तर याहून वाईट होतं" असंही म्हणायचं नाही.
- कोणाला त्रास झाला तर एक ताई तिच्याबरोबर घरापर्यंत जाईल, हे आधीच ठरवायचं.

आपल्या गटाची सुरुवात कशी झाली आठवा. आठवड्याला दहा-वीस रुपये टाकायचो. लोक म्हणायचे, एवढ्याने काय होणार? पेटीत रोकड साठली तेव्हा कळलं. मायेचंही तसंच आहे. रोज दहा मिनिटं स्वतःच्या खात्यात टाका. पहिला महिना काही दिसणार नाही. बचत बंद करू नका.

आणि आज संध्याकाळी घरी गेलात की एक करा. घरातल्या लहान पोरीला, जी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असेल तिला, विचारा: "दमलीस का गं?" धाकट्याला पाच मिनिटं आपल्याकडे घ्या आणि तिला खेळायला सोडा.

पुढच्या बैठकीत भेटू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक